नोकरी गेल्यावर राज्याचा बेकारी भत्ता: अर्ज कधी करावा आणि तो टिकवावा कसा?

जर्सीची_जाई

नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. ऑक्टोबरात नवऱ्याची नोकरी गेली. आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो, दोघांकडे ग्रीन कार्ड आहे, मी पार्टटाइम करते. कंपनीने थोडा सेवरन्स, म्हणजे नोकरी संपताना द्यायचा पैसा, दिलाय. मी म्हणते अनएम्प्लॉयमेंटला, म्हणजे राज्याच्या बेकारी भत्त्याला, लगेच अप्लाय कर. तो म्हणतो, सेवरन्स संपल्यावर बघू. पण खरं कारण वेगळं आहे. त्याला हे सरकारपुढे हात पसरल्यासारखं वाटतं. त्यात पुढच्या वर्षी सिटिझनशिपचा अर्ज करायचाय, तिथे हे आडवं येईल अशी धास्ती.

ज्यांनी हा भत्ता घेतलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. सेवरन्स असताना अर्ज करता येतो का? आणि एकदा सुरू झाला की मध्येच बंद पडू नये म्हणून काय सांभाळावं लागतं?

---

चाफेकळी

जाई, आधी एक मिठी. घरातलं वातावरण कसं होतं ते आम्ही पाहिलंय. अर्ज आजच करा. बाकीचं जाणकार सांगतीलच.

---

हिशेबनीस

मी पेरोलमध्येच काम करतो म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ताई, तुमच्या मिस्टरांची एखादी जुनी पे-स्टब (पगाराची पावती) काढा. कपातींमध्ये यूआय अशी एक ओळ सापडेल. यूआय म्हणजे अनएम्प्लॉयमेंट इन्शुरन्स, बेकारी विमा. भत्ता याच विम्यातून येतो, आणि हा त्याचा हप्ता. बहुतेक राज्यांत तो फक्त मालक भरतो. न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया आणि अलास्का या तीनच राज्यांत कामगाराच्या पगारातूनही कापतात. म्हणजे तुमच्या मिस्टरांनी इतकी वर्षं दर पगाराला पैसे भरलेत. हात पसरण्याचा प्रश्नच येत नाही.

आता सेवरन्स. सेवेच्या वर्षांनुसार दिलेला एकरकमी सेवरन्स न्यू जर्सीत भत्त्याच्या आड येत नाही. मात्र नोटिशीच्या बदल्यात दिलेला पगार असेल, किंवा कंपनीने अमुक तारखेपर्यंत पेरोलवरच ठेवलं असेल, तर तोपर्यंत राज्याच्या लेखी माणूस नोकरीतच असतो. १० एप्रिल २०२३ पासून इथे मोठ्या नोकरकपातीला ९० दिवसांची नोटीस आणि सेवेच्या दर वर्षामागे एका आठवड्याचा पगार देणं मोठ्या कंपन्यांना बंधनकारक आहे. त्यामुळे बऱ्याच जणांना "उद्यापासून येऊ नका" सांगतात, पण पगार पुढे तीन महिने चालू राहतो. पत्रात नोकरी संपल्याची तारीख कुठली लिहिलीय ते नीट वाचा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ऑफिस कुठे होतं? राहायला एडिसन आणि कामाला मॅनहॅटन असेल तर अर्ज न्यूयॉर्ककडे करायचा. जिथे काम केलं आणि जिथे पगाराची नोंद झाली ते राज्य बघायचं, राहतं घर नाही. न्यूयॉर्कचा सेवरन्सचा नियमही निराळा आहे. आठवड्याचा सेवरन्स तिथल्या कमाल भत्त्यापेक्षा जास्त भरत असेल तर तेवढे आठवडे भत्ता मिळत नाही. सेवरन्सचा पहिला हप्ता नोकरी सुटल्यानंतर ३० दिवस उलटून गेल्यावर आला तर मात्र हा अडसर नाही.

---

जर्सीची_जाई

ऑफिस पिस्कॅटवेला होतं, त्यामुळे न्यू जर्सीच. पे-स्टबवर ती ओळ सापडली! त्याला दाखवली. काही बोलला नाही, पण बराच वेळ बघत बसला होता.

---

कृष्णाकाठ

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. मी १९९० च्या दशकात पिट्सबर्गला आलो. दोनदा नोकरी गेली, दोन्ही वेळा अर्ज केला नाही. गाठीला पैसे होते, बायकोची नोकरी होती. ज्याच्या घरी खरंच चूल पेटायची भ्रांत आहे त्याच्यासाठी हा पैसा असावा असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं. जाईच्या यजमानांची भावना मला समजते. त्यांना कमीपणाची वाटणारी गोष्ट करायला लावू नये.

---

तिखटमीठ

काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण हे पटत नाही. हा भत्ता गरिबी बघून देत नाहीत. घर आहे का, बँकेत किती आहेत, नवरा किंवा बायको कमावते का, यातलं काहीच विचारत नाहीत. पूर्वी किती कमावलं, नोकरी कशी गेली आणि आता काम शोधताय का, एवढंच बघतात. तुम्ही नाही घेतला म्हणून तो दुसऱ्या कुणाच्या ताटात पडत नाही.

बे एरियातलं सांगते. कॅलिफोर्नियात कमाल भत्ता आठवड्याला ४५० डॉलर, आणि तो २००५ पासून तिथेच अडकलाय. दोन बेडरूमच्या घराचं भाडंही त्यात निघत नाही. २०२० मध्ये काही महिने केंद्राने वर ६०० डॉलर दिले तेव्हा लोकांना जरा श्वास घेता आला. आता तेही नाही. एवढ्याशा रकमेसाठी कमीपणा कसला वाटून घ्यायचा?

---

हिशेबनीस

कृष्णाकाठ काका, मालकाचा हप्ता ठरतो कसा ते सांगतो. ज्या कंपनीच्या माणसांनी जास्त क्लेम केले तिचा दर पुढे चढतो, ज्या कंपनीचे क्लेम कमी तिचा दर उतरतो. म्हणजे कामावरून काढलेल्या माणसाने अर्ज केला नाही तर फायदा होतो तो त्याला काढणाऱ्या कंपनीचा. गरजवंताला त्यातून काहीच मिळत नाही. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात ही व्यवस्था आली. नोकरकपात करणाऱ्याला तिची थोडीफार झळ बसावी हा हेतू राज्यांच्या दरांच्या गणितात उघड दिसतो.

आणि कंपन्यांवर फार भार पडतो असंही नाही. केंद्राचा कर माणसामागे वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावरच लागतो, आणि तो आकडा १९८३ पासून बदललेला नाही.

---

कृष्णाकाठ

दराची ही बाजू मला ठाऊक नव्हती. विचार करण्याजोगी आहे. तरी ज्याला घ्यायचा नसेल त्याला तेवढी मोकळीक असावी, एवढं माझं म्हणणं मी ठेवतो.

---

पर्वतीपायथा

तुमची चर्चा पुण्यातून वाचतोय. हप्ता कुठून कापतात हे वाचून आपल्याकडची गोष्ट आठवली. महाराष्ट्रात पगारातून महिन्याला २०० रुपये प्रोफेशन टॅक्स जातो ना, तो १९७५ मध्ये रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला आणला होता. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, नाला बंडिंगला माणसं आली, वि. स. पागे यांनी त्या योजनेचा आग्रह धरला, आणि १९७७ मध्ये कायदा झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम देता आलं नाही तर बेकारी भत्ता. देशाचा कायदा व्हायला २००५ उजाडलं.

पण शहरातल्या नोकरदाराला आजही फारसं काही नाही. ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ पासून आहे. तीत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्क्यांपर्यंत, तेही जास्तीत जास्त ९० दिवस आणि आयुष्यात एकदाच. शिवाय ईएसआयची पगारमर्यादा २१,००० रुपये, म्हणजे हिंजवडीतली बहुतेक मंडळी बाहेरच. माझ्या ओळखीतल्या मुलांची नोकरी गेली की पीएफ काढणं आणि बाबांना फोन करणं हे दोनच मार्ग दिसतात. तुमच्याकडे ही सोय आहे तर ती निःशंक मनाने घ्या.

---

सदू_सातारकर

माझा प्रश्न थोडा बाजूचा आहे. मी एच-१बीवर, म्हणजे एका मालकाशी बांधलेल्या कामाच्या व्हिसावर, आहे, मागच्या आठवड्यात ले-ऑफ झाला. माझ्याही पगारातून तो हप्ता जात होता. मला मिळेल का?

---

बेलव्ह्यूचा_बंड्या

सदू, वाईट वाटलं ऐकून. बहुतेक राज्यांत उत्तर नाही असंच येतं. भत्त्याची मूळ अट आहे की तुम्ही काम करायला समर्थ आणि मोकळे असायला हवं, उद्या कुणी बोलावलं तर उद्या रुजू होता आलं पाहिजे. एच-१बीवाल्याला नव्या मालकाचा अर्ज दाखल झाल्याशिवाय काम सुरू करता येत नाही, म्हणून तिथेच अडतं. "अमेरिकेत कोणाकडेही काम करायची परवानगी आहे का?" या अर्थाचा प्रश्न फॉर्मवर असतो. त्याचं खरं उत्तर द्यायचं, कुणी काहीही सल्ला दिला तरी. पुढे आयुष्यभर तीच माहिती इमिग्रेशनच्या फायलीशी ताडून बघितली जाऊ शकते.

मात्र ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज दाखल होऊन त्यावरचं ईएडी (कामाचा परवाना) हातात असेल, किंवा बायको एच-४ ईएडीवर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावरचा कामाचा परवाना) असून तिची नोकरी गेली असेल, तर परवानगीची अडचण नाही. ईएडीची मुदत तेवढी चालू हवी.

तुझ्यासाठी आत्ता महत्त्वाचे ते नोकरी गेल्यावर नवा मालक शोधायला मिळणारे ६० दिवस. आणि एक गोष्ट कंपन्या आपणहून फार सांगत नाहीत: मुदतीआधी काढलं आणि तू देश सोडून परत निघालास तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च देणं मालकावर बंधनकारक आहे. रेझ्युमे मला मेसेजमध्ये पाठव, आमच्या ग्रुपमध्ये टाकतो.

---

चाफेकळी

मलाही पाठव रे सदू. ऑस्टिनला चालणार असेल तर आमच्याकडे दोन जागा आहेत.

---

हिशेबनीस

जाईताई, सिटिझनशिपचं राहिलंच. हा कमावलेला लाभ मानला जातो. पब्लिक चार्जच्या, म्हणजे माणूस सरकारवर ओझं ठरेल का या इमिग्रेशनच्या तपासणीच्या, हिशेबात बेकारी विमा धरत नाहीत. सिटिझनशिपलाही तो आडवा येत नाही. आडवा येतो तो खोटेपणा.

आणि उशीर करू नका. न्यू जर्सीत क्लेम अर्ज केलेल्या आठवड्याच्या रविवारपासून धरतात, आणि मागचे आठवडे सहसा देत नाहीत. भत्ता सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के, २०२५ मध्ये कमाल ८७५ डॉलर, जास्तीत जास्त २६ आठवडे. हिशेबासाठी पूर्ण झालेल्या शेवटच्या पाच तिमाह्यांतल्या पहिल्या चार घेतात. म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ मध्ये अर्ज केला तर जुलै २०२४ ते जून २०२५ चा पगार.

---

मोरपंखी

नावाचं बघून घ्या! माझ्या सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि कंपनीने पेरोलला मधलं नाव म्हणून वडिलांचं घातलेलं. आमच्या राज्याच्या यंत्रणेला ही तीन वेगळ्या बायकांची माहिती वाटली. ओळख पटवण्याच्या पायरीवर क्लेम अडकला आणि फोनवर माणूस भेटेना. शेवटी आमच्या भागातल्या असेंब्लीच्या आमदारांच्या ऑफिसला मेल केली. अशा अडकलेल्या क्लेमचं काम बघायला तिथे माणूस असतो. त्यांनी खात्याला पत्र पाठवलं आणि गाडी पुढे सरकली. आपल्याकडच्या बायकांची ही अडचण हमखास होते, म्हणून लग्नाचं प्रमाणपत्र आधीच स्कॅन करून ठेवा.

---

तिखटमीठ

मोरपंखी +१. आमदारांचं ऑफिस हा मार्ग फार कमी लोकांना माहीत असतो. सिटिझन नसलात तरी त्या भागाचे रहिवासी आहात, एवढं पुरतं.

---

बेलव्ह्यूचा_बंड्या

टिकवण्याबद्दल. इथे बहुतेकांचं गाडं अर्ज मंजूर झाल्यावर अडतं. दर आठवड्याला सर्टिफाय करावं लागतं, म्हणजे ठरावीक प्रश्नांची उत्तरं देऊन भत्ता मागावा लागतो, कॅलिफोर्नियात दोन आठवड्यांनी. काम केलं का, पैसे कमावले का, आलेली नोकरी नाकारली का, आजारी होतात का, काम शोधलंत का. पाच मिनिटांचं काम आहे, पण तो दिवस चुकला की त्या आठवड्याचे पैसे लटकतात.

आमच्या वॉशिंग्टन राज्यात दर आठवड्याला नोकरी शोधण्याच्या तीन नोंदी लागतात. तारीख, कंपनी, कुठल्या जागेसाठी, कसा अर्ज केला, हे सगळं मी एका शीटमध्ये लिहीत असे. पुढे कधीही तपासणीला मागू शकतात. शिवाय काही जणांना रोजगार केंद्रात मुलाखतीचं बोलावणं येतं. ते पत्र जाहिरात समजून फेकू नका, गेलं नाही तर भत्ता थांबतो. मला तिथल्या बाईंनी रेझ्युमेत दोन चांगल्या सुधारणा सुचवल्या, वेळ वाया गेला नाही.

---

पर्वतीपायथा

मावसभावाला "बघ रे काही असेल तर" असा व्हॉट्सअ‍ॅप पाठवला, तर ती नोंद धरतात का? :)

---

बेलव्ह्यूचा_बंड्या

हा हा! त्याने "बघतो" म्हटलं तर अजिबात नाही. त्याच्या कंपनीत खरी जागा असेल आणि त्याने रेझ्युमे पुढे दिला असेल, तर त्या कंपनीचं आणि जागेचं नाव लिहा.

---

चाफेकळी

माझ्या दिराची गोष्ट लिहिते, कारण असं आपल्या लोकांबाबत फार होतं. तो एका सॉफ्टवेअर सर्व्हिसेस कंपनीत होता. प्रोजेक्ट संपला, काही महिने बेंचवर (काम न देता) ठेवलं. मग एचआरकडून गोड शब्दांत फोन आला: "तुम्हीच राजीनामा द्या, रिलीव्हिंग लेटर स्वच्छ मिळेल, पुढच्या नोकरीला बरं पडेल." भारतात नोकरी केलेल्या माणसाला रिलीव्हिंग लेटरची भीती मुरलेली असते. नशिबाने जावेने हट्ट धरला आणि त्याने उत्तरात एवढंच लिहिलं, "मी राजीनामा देत नाहीये, काम उपलब्ध असेल तर करायला तयार आहे." मग कंपनीने काढलं.

त्याने अर्ज केला तेव्हा कंपनीने राज्याला कळवलं की याने स्वतःहून नोकरी सोडली. स्वतः सोडली असेल आणि सबळ कारण नसेल तर भत्ता नाही. नकाराचं पत्र आलं. तो खचला, म्हणाला जाऊ दे. जाऊ दिलं नाही. पत्रावरच्या मुदतीत अपील केलं. फोनवर सुनावणी झाली, कंपनीची बाई एका बाजूला, हा एका बाजूला, मध्ये सुनावणी अधिकारी. ती मेल आधीच पाठवून ठेवली होती, ती वाचून दाखवली गेली. निकाल त्याच्या बाजूने लागला.

यातली सोन्यासारखी गोष्ट पुढे आहे. अपील चालू असतानाही तो दर आठवड्याला सर्टिफाय करत राहिला. पैसे येत नव्हते, तरी. म्हणून निकालानंतर ते सगळे आठवडे मिळाले. अपीलात असलेले लोक इथेच सोडून देतात आणि जिंकूनही मधले आठवडे गमावतात. हे कृपया लक्षात ठेवा, दुसऱ्यालाही सांगा.

---

हिशेबनीस

चाफेकळी, उत्तम लिहिलंत. एक जोड देतो. कामगिरी कमी पडली म्हणून काढलं असेल तरी अर्ज करा. जाणूनबुजून केलेली गैरवर्तणूक वेगळी आणि काम न जमणं वेगळं, कायदा हा फरक मानतो.

---

सदू_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बंड्यादादा, चाफेकळीताई, रेझ्युमे पाठवलाय. बायकोचं एच-४ ईएडी आहे, निदान ती काम करतेय याचा आधार वाटतोय.

---

जर्सीची_जाई

मंडळी, अर्ज केला! त्यानेच केला, मी बाजूला बसले होते. आता पुढची काळजी. डिसेंबरात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन कोल्हापूरला आहे, त्याला जावंच लागेल. तो म्हणतो तिथून सर्टिफाय करतो, लॅपटॉप आहेच. चालेल का?

---

तिखटमीठ

नाही! कृपया नको. भारतात असताना तो इथल्या कामाला मोकळा नाही, त्यामुळे त्या आठवड्यांचा भत्ता मागताच येत नाही. परदेशातून लॉग-इन केलं की अनेक राज्यांची यंत्रणा दार लावते. व्हीपीएन लावून, म्हणजे आपण कुठे आहोत ते लपवून, केलं तर ते फसवणुकीतच जमा होऊ शकतं. फसवणूक ठरली तर पैसे परत द्यायचे, वर केंद्राच्या नियमाने किमान १५ टक्के दंड. आणि तुमचा सिटिझनशिपचा अर्ज तोंडावर आहे.

---

हिशेबनीस

अगदी बरोबर. पण ताई, घाबरू नका, त्या आठवड्यांचे पैसे बुडत नाहीत. क्लेम ५२ आठवड्यांचा असतो आणि त्यातली रक्कम २६ आठवड्यांची. न मागितलेले आठवडे शिलकीत राहतात. जाण्याआधी सर्टिफाय करणं थांबवा, परत आल्यावर क्लेम पुन्हा उघडा आणि बाहेर होतो हे खरं सांगा. आईंच्या डोळ्यांसाठी निवांत जाऊन या.

कराचंही आत्ताच सांगतो. भत्त्यावर न्यू जर्सीचा कर नाही, पण केंद्राचा आहे. जानेवारीत १०९९-जी हा भत्त्याचा कराचा फॉर्म येईल. १० टक्के आधीच कापून घ्यायची सोय आहे, ती घ्या. आरोग्य विमा कंपनीचा होता का? तो गेल्यापासून ६० दिवसांत मार्केटप्लेसवर, म्हणजे आरोग्य विम्याच्या सरकारी बाजारात, नवा घ्यावा लागेल.

---

कृष्णाकाठ

जाई, यजमानांना माझा नमस्कार सांग. त्यांनी अर्ज केला हे वाचून बरं वाटलं. माझ्या धाकट्या भाच्यावर हीच पाळी आलीय, तो पेनसिल्व्हेनियातच असतो. त्याला हा धागा पाठवलाय.

---

जर्सीची_जाई

काका, नक्की सांगते. हिशेबनीस, तुमचे उपकार कसे फेडू? शेवटचं एक विचारते. एका मित्राने त्याला थोडं कन्सल्टिंगचं काम देऊ केलंय, आठवड्यातले काही तास. ते घेतलं तर भत्ता बंद होईल का?

---

हिशेबनीस

बंद होत नाही, कमी होतो. न्यू जर्सीत भत्त्यावर आणखी २० टक्के धरतात आणि त्यातून कमाई वजा करतात. भत्ता ५०० असेल तर ६०० धरायचे. आठवड्यात २०० कमावले तर ४०० मिळतील, म्हणजे हाती एकूण ६००. पूर्वीच्या तासांच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त काम मात्र नको.

कमाई ज्या आठवड्यात काम केलं त्या आठवड्यात दाखवायची, मित्राने चेक महिन्याने दिला तरीही, आणि कर कापण्याआधीची रक्कम. स्वतंत्र कन्सल्टिंग असेल तर तेही तसं स्पष्ट लिहायचं, त्यावर खातं जास्तीचे प्रश्न विचारू शकतं. तासांची वही पहिल्या दिवसापासून ठेवायला सांगा.